डोंगराआधीचं गाव

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. सवाष्णी जेवून, ओट्या घेऊन घरोघर गेल्या होत्या. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. पुरणाचं पातेलं भिजत टाकून मी नुकती कुठे भिंतीला टेकले होते, तोच फोन वाजला. अमेरिकेतून भाची. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी.

"मावशी, आई फोन उचलत नाही गं. तू लाव ना तिला."

"तू आहेस कुठे?"

"मॉन्सनला. शेवटच्या गावात."

सणाच्या दिवशी 'शेवटचं गाव' असे शब्द कानावर आले की काळजात चर्र होतंच. पण तिच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी होती. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

मैत्रिणींनो, ही आमची भाची साडेपाच महिने चालत होती. हो, पायी. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगांतून एक पायवाट जाते, ॲपलाचियन ट्रेल तिचं नाव. दक्षिणेत जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावर ती सुरू होते आणि चौदा राज्यं ओलांडून उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. बेंटन मॅके नावाच्या माणसाने १९२१ साली ही कल्पना मांडली आणि १९३७ पर्यंत स्वयंसेवकांनी वाट जोडून पुरी केली. वाटेत झाडांवर, दगडांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले असतात. ते बघत बघत चालायचं. रात्री तंबूत झोपायचं, नाहीतर तीन बाजूंनी बंद असलेल्या लाकडी छपरीत. चार-पाच दिवसांनी एखाद्या गावात उतरायचं, अंघोळ करायची, शिधा घ्यायचा आणि पुन्हा रानात. निघणाऱ्या चौघांतला एखादाच शेवटपर्यंत पोचतो म्हणतात.

भाची मार्चमध्ये निघाली ती बिनपगारी रजा काढून. आणि तेव्हापासून ताईने तिच्याशी धड बोलणं टाकलं होतं. "अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली, चांगली नोकरी आहे, दोन स्थळं सांगून आलीत, आणि ही पाठीवर बोचकं टाकून रानोमाळ हिंडते. कुणी विचारलं तर काय सांगू?" हे ताईचं पालुपद. दाजी मधल्यामध्ये दोघींचे निरोप पोचवायचे. दर फोनला ताईचं एकच वाक्य, "बस झालं म्हणावं, आता घरी ये."

तर मॉन्सन. हे गाव मला आता आमच्या शेजारच्या गावाइतकं ओळखीचं झालंय, इतकं मी त्याबद्दल ऐकलं आणि वाचलं. वस्ती जेमतेम सहा-सातशे. एक मोठं तळं, लेक हेब्रन, आणि त्याच्या काठाने गेलेला एक रस्ता. त्या रस्त्यावर दुकान, पोस्ट, चर्च, लाकडी घरं. एकेकाळी हे गाव पाटीच्या दगडाचं होतं. आपण लहानपणी ज्या दगडी पाटीवर थुंकी लावून पुसत लिहायला शिकलो ना, तोच काळा दगड. १८७० च्या सुमारास तो इथे सापडला आणि खाणी निघाल्या. स्वीडन-फिनलंडकडची माणसं कामाला आली. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या समाधीवर जी शिळा आहे ती मॉन्सनच्याच दगडाची. पुढे खाणी मंदावल्या. फर्निचरचा एक मोठा कारखाना होता, तोही २००७ मध्ये बंद पडला. तरुण पोरं पोटासाठी शहराकडे गेली. साखर कारखाना बंद पडलेल्या आपल्याकडच्या गावात राहिलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. अलीकडच्या काही वर्षांत तिथे एका संस्थेने जुनी घरं दुरुस्त करून चित्रकार-लेखकांना बोलावायला सुरुवात केली आहे, त्यामुळे जरा जाग आली म्हणतात.

पण चालणाऱ्यांसाठी ह्या गावाचं महत्त्व वेगळंच. मॉन्सनच्या पुढे गाव नाही. गावाबाहेर थोड्या अंतरावर एक पाटी आहे. पुढचे शंभर मैल, म्हणजे एकशेसाठ किलोमीटर, शिधा किंवा मदत मिळेल असं गाव नाही, दहा दिवसांचं खाणं आणि पूर्ण तयारी असल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नका, असा इशारा त्या पाटीवर आहे. त्या टापूला नावच 'हंड्रेड माइल वाइल्डरनेस', शंभर मैलांचं रान. ते संपलं की बॅक्स्टर पार्क आणि मग कटाडिन. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरपैकी राहिलेले एकशेपंच्याऐंशीच्या आसपास. हातातोंडाशी आलेला घास म्हणा ना.

आमची भाची शनिवारी दुपारी गावात उतरली आणि बघते तर पोस्ट बंद. आता पोस्टाचं काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण ह्या चालणाऱ्यांचा अर्धा जीव पोस्टात असतो. नाव लिहायचं, 'जनरल डिलिव्हरी' आणि गावाचं नाव घालायचं, कोपऱ्यात कधी पोचणार ती तारीख, की पोस्टमास्तर खोकं जपून ठेवतात. न्यू जर्सीतली तिची मैत्रीण अशी खोकी पुढच्या पुढच्या गावी पाठवत होती. मॉन्सनच्या खोक्यात तिचे थंडीचे कपडे होते, शेवटच्या टप्प्याचं खाणं होतं आणि ताईने आदल्या वर्षी दिलेलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी होती. रविवारी पोस्ट बंद. सोमवारी त्यांचा कामगार दिन, म्हणून बंद. झालं, मंगळवारपर्यंत मुक्काम पक्का.

त्या गावात चालणाऱ्यांना उतरवून घेणारी घरं आहेत. सगळ्यात जुनं शॉ दांपत्याचं. १९७७ पासून त्यांनी आपल्याच घरात वाटसरूंना ठेवून घ्यायला सुरुवात केली. झोपायला पलंग, अंघोळ, धुणं आणि सकाळी पोट फुटेस्तोवर नाश्ता. पुढे ते घर दुसऱ्यांनी घेतलं, तेही ह्याच वाटेने चालून गेलेले. काम मात्र तेच राहिलं.

आमची भाची गावातल्या अशाच एका घरात उतरली. तिने मला त्या मुक्कामाचं जे वर्णन केलं ना, त्यात डोंगर नव्हता, तळं नव्हतं. धुणं होतं! दारात पाऊल टाकलं की आधी बूट बाहेर. मग अंगावरचे कपडे उतरवून टोपलीत, कारण त्या वासाला घरात थारा नाही. कपडे धुऊन येईतो घालायला खुंटीवर जुनेपाने उसने कपडे टांगलेले. भाचीच्या वाट्याला आला एका अगडबंब माणसाचा फुलाफुलांचा शर्ट आणि पोरासोरांची चड्डी. "मावशी, तशीच जेवायला गेले. कुणी वळून बघितलं नाही." मग अंघोळ, पाणी काळं जायचं थांबेपर्यंत. मग खाणं. दिवसभर डोंगर चढणाऱ्या शरीराला आपल्या दुप्पट-अडीचपट अन्न लागतं, आणि पाठीवर तेवढं वाहता येत नाही. त्यामुळे गावात आलेला माणूस नुसता खात सुटतो. अंडी, बटाटे, पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचा गुबगुबीत भाऊ, एकावर एक.

मला विचाराल तर ह्या सगळ्यात नवं असं मला काहीच वाटलं नाही. आमचं गाव वेळापूर. आषाढात माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते, पंढरपूर दोन मुक्कामांवर राहिलेलं असतं. आळंदीपासून चालून आलेल्या बाया दारात येतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा काय हवं असतं, ते मला पाठ आहे. दर्शन नंतर. आधी आडोसा. आमच्या मंडळाच्या बायका जुन्या साड्या बांधून न्हाणीघरं करतात, गरम पाण्याच्या चुली रात्री दोनला पेटतात, पायांना तेल, दुखऱ्या पोटाला ओवा, पोरींना लागतील त्या घड्या. दोन वर्षं करोनाने वारी पायी आली नव्हती, आणि त्या २०२२ सालीच ती पुन्हा आली होती. एक म्हातारी माझ्या ओसरीवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आता इठोबा पळून जात न्हाई. निजू दे." मॉन्सनचं ऐकताना मला तीच आठवत होती. तिथे देव नाही, टाळ नाहीत, ते लोक यात्रेला निघालेले नसतात. शिवाय तिथे पलंगाचे पैसे मोजावे लागतात, आणि मोजावेतच. बाईच्या स्वयंपाकाला आणि धुण्याला पावती मिळते हे ऐकून मला बरंच वाटलं. पण थकलेल्या माणसाची भूक आणि फोड आलेले पाय सगळीकडे सारखेच.

तर फोन. मी ताईला लावला आणि तिघींना एकत्र जोडलं. भाचीकडे तेव्हा सकाळचे दहा. पडद्यावर एका बाजूला ती, रापलेली, गालफडं बसलेली, अंगात तो फुलाफुलांचा शर्ट. दुसऱ्या बाजूला ताई, नाकात नथ तशीच, मागे महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांवर दिव्यांचा उजेड. दोघी काहीच बोलेनात. शेवटी मीच म्हटलं, "ताई, बघ तरी, किती बारीक झालीय."

"दिसतंय मला," ताई म्हणाली.

मग हळूहळू कळत गेलं. चार दिवसांपूर्वी उतारावर पाय घसरून तिचा उजवा गुडघा मुरगळला होता. सुजला होता. तशीच ती लंगडत मॉन्सनपर्यंत आली होती. त्याआधी केनेबेक नदी होती. त्या नदीत १९८५ मध्ये एक बाई वाहून गेली. त्यानंतर, १९८७ पासून, चालणाऱ्यांना फुकट पलीकडे नेणारी होडी ठेवली आहे. त्या होडीच्या तळालासुद्धा वाटेचा पांढरा पट्टा रंगवलेला, म्हणजे होडीत बसलात तरी वाट सोडली नाही! हे ती हसवायला सांगत होती. पण ताईने त्यातलं फक्त 'वाहून गेली' एवढंच ऐकलं.

आणि ताईच्या मनात दुसरंही होतं, जे ती कुणाला बोलली नव्हती. तिने फोनवर शोधून शोधून वाचलं होतं. २०१३ च्या जुलैत, ह्याच मेन राज्यात, ह्याच वाटेवर, सहासष्ट वर्षांची एक बाई हरवली. लघवीला म्हणून वाट सोडून आत गेली आणि परत वाट सापडली नाही. नवरा पुढच्या रस्त्यावर गाडी घेऊन उभा. तिने फोनवरून मेसेज केले, पण रानात रेंज नाही, एकही पोचला नाही. शोधणारे शोधत राहिले. ती तंबूत जवळजवळ चार आठवडे वाट बघत जिवंत होती. दोन वर्षांनी सापडली ती तिची हाडं आणि वही. "बाई माणसाला आडोशाला जावंच लागतं ना गं," ताई म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. पाच महिने ती चिडली होती असं आम्ही सगळे समजत होतो.

भाची गप्प. मग म्हणाली, "आई, खरं सांगू? माझंच मन होत नाहीये पुढे जायचं. गुडघ्याचं कारण चांगलं आहे. इथून बांगोरला गाडी जाते, तिथून विमान. तू ये म्हण, मी येते."

मी मनात म्हटलं, सुटलो. ताई आता काय बोलणार ते ठरलेलंच होतं. पाच महिने तिने तेच तर घोकलं होतं.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गुडघा दाखव."

पोरीने फोन खाली नेला. "वाकव. अजून. दुखतं कुठे, वाटीला की बाजूला? जिना उतरताना की चढताना?" ताई बार्शीत बसून डॉक्टरासारखी विचारत होती. तिचे स्वतःचे गुडघे दहा वर्षं धरलेत, तिला त्यातलं कळतं. "तीन दिवस आहेस ना तिथं? पाय उशीवर घेऊन पड. बर्फ मिळतो का तिथं? लाव. आणि सामान किती न्यायचं पुढं?"

"दहा दिवसांचं म्हणतात."

"एवढं सगळं एकदम पाठीवर? त्या गुडघ्यावर? अर्धं कुणी गाडीवाला मधे आणून देत नाही का? विचार की तिथल्या बाईला."

आणि गंमत बघा. ही सोय तिथे आहे! रानातून लाकूड वाहून न्यायचे कच्चे रस्ते जातात. उतरून घेणारी माणसं पैसे घेऊन अर्ध्या वाटेवर अशा एका रस्त्यालगत बादलीभर शिधा ठेवून येतात. झाकणाची मोठी बादली, अस्वलाने, खारींनी नासाडी करू नये म्हणून. भाचीला हे ठाऊक होतं, पण तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं, कारण तिच्या डोक्यात परतीचं विमान होतं.

"ये" हा शब्द मात्र ताई बोलली नाही. का बोलली नाही, हे मी तिला नंतर दोनदा विचारलं. एकदा म्हणाली, "आठवत नाही." दुसऱ्यांदा म्हणाली, "माझ्या तोंडून 'ये' घेऊन ती आली असती, आणि जन्मभर ते माझ्या माथी राहिलं असतं." कुठलं खरं देव जाणे. मी स्वतः त्या वेळी 'परत ये' म्हणणाऱ्यांतली होते, हे कबूल करते.

सोमवारी दुपारी ताईचाच फोन आला, महालक्ष्म्या बोळवून झाल्यावर. बोलायला तिला कुणीतरी हवं होतं. मी तिला एमा गेटवूडची गोष्ट सांगितली. भाचीनेच मला ती कधीतरी ऐकवली होती. ओहायो राज्यातली शेतकऱ्याची बायको. अकरा लेकरं. नवरा मारकुटा, इतका की कितीदा मरता मरता वाचली. शेवटी १९४१ मध्ये तिने काडीमोड घेतला. आमच्या समुपदेशन केंद्रात अशा बाया येतात तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य असतं, 'पोरांसाठी राहिले.' ही पण पोरांसाठीच राहिली असणार. पोरं मोठी झाली, नातवंडं झाली, आणि तिने एका मासिकात ह्या पायवाटेबद्दल वाचलं.

१९५४ मध्ये ती पहिल्यांदा निघाली ती उत्तरेकडून, कटाडिनपासून. थोड्याच दिवसांत त्या रानात वाट चुकली, चष्मा फुटला. वनखात्याच्या माणसांनी शोधून काढलं आणि सांगितलं, आजीबाई, घरी जा. ती गेली घरी. कुणाला काही बोलली नाही. पुढच्या वर्षी, १९५५ च्या मे महिन्यात, पोरांना 'जरा चालायला जाते' एवढंच सांगून निघाली, ह्या वेळी दक्षिण टोकाकडून. वय सदुसष्ट. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पावसाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपायची जाड पिशवी नाही. जमेल तिथे अनोळखी लोकांच्या ओसरीवर, नाहीतर झाडाखाली पाल्यावर. २५ सप्टेंबरला ती कटाडिनवर उभी होती. सलग एकाच हंगामात ही वाट एकटीने पुरी करणारी ती पहिली बाई. म्हणजे बघा, तिच्या वाटेचं शेवटचं रान तेच होतं, जिथून तिला आदल्या वर्षी परत पाठवलं होतं. १९५७ मध्ये ती पुन्हा चालली, आणि १९६४ पर्यंत तुकड्या-तुकड्यांनी तिसऱ्यांदा.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अकरा पोरं वाढवून मग हिंडली ती. आमच्या बाईसाहेबांनी अजून एकही वाढवलं नाही." पण हसत होती.

मंगळवारी सकाळी पोस्ट उघडलं. भाचीने खोकं घेतलं, ओटीवर बसून सगळं पसरलं आणि दोन वाटे केले, एक पाठीवर आणि एक बादलीत. गावात त्या वाटेचं एक माहिती केंद्र आहे, तिथे पुढच्या नद्यांना पाणी किती, बॅक्स्टर पार्कचा परवाना कसा काढायचा, हे समजावून सांगतात. उशीर करून चालत नाही, ऑक्टोबरच्या मध्यानंतर कटाडिनवर बर्फाचा भरवसा नाही. गुडघ्याला पट्टा बांधून ती निघाली. ती इशाऱ्याची पाटी आली तिथे तिने फोटो काढला आणि रेंज जायच्या आत पाठवून दिला. खाली एकच ओळ, 'आता दहा दिवस फोन नाही.'

ते दिवस कसे गेले ते विचारू नका. गणपती बोळवले. पितृपंधरवडा लागला. ताई म्हणाली, पक्षात कुणी चांगलं काम करतं का, बघ, मुहूर्त बघायचासुद्धा नाही हिला. रोज सकाळी ती मला विचारायची, आज कुठे असेल? मी तरी काय सांगणार? नकाशा समोर ठेवून आम्ही दोघी अंदाज करायचो. चेअरबॅकच्या चढउतारांत असेल. आता व्हाइट कॅपवर असेल, तिथून पहिल्यांदा कटाडिन समोर दिसतो म्हणतात. आपल्याकडे वेळापूरजवळ वारकरी धावा घेतात ना, पंढरी जवळ आली म्हणून उतारावरून पळत सुटतात, तसं काही तिथे नाही. पण तिथे पोचलेली माणसं खाली बसून रडतात असं भाची सांगत होती.

१५ सप्टेंबरला रात्री उशिरा फोटो आला. लाकडी पाटीला धरून ती उभी, मागे नुसते ढग. शेवटच्या आठेक किलोमीटरच्या चढात खडकांवर लोखंडी दांडे धरून स्वतःला ओढून घ्यावं लागतं. गुडघ्याचं काय केलंस, असं दाजींनी विचारलं तर म्हणाली, "चढताना नाही दुखला. उतरताना बोंबलत उतरले." तो गुडघा तिला पुढे वर्षभर पुरला, फिजिओथेरपी करावी लागली. पैसे गेले, नोकरीत एक बढतीही हुकली. ते ताई अजून ऐकवते, आणि त्यात तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

दिवाळीत भाची घरी आली. ताईने चकल्यांचा सोऱ्या तिच्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "मेतकूट पुरलं का?"

भाचीने जीभ चावली. उतरायच्या घरांत एक खोकं ठेवलेलं असतं. ज्याला जे जड होईल ते त्यात टाकायचं, ज्याला लागेल त्याने उचलायचं. वजन कमी करायचं म्हणून तिने मॉन्सनला चटणी ठेवून घेतली आणि मेतकुटाची पिशवी त्या खोक्यात टाकली होती. वर कागद लावला होता, गरम भातावर घालून खा.

"एवढं भाजून, दळून केलेलं! परक्यांसाठी केलं होतं का मी?" ताई म्हणाली. दोन चकल्या पडल्या. मग तिसरी पाडायच्या आधी तिने मान वर केली.

"कुणी नेलं गं ते?"

"कुणास ठाऊक. मी सॅक भरून परत आले तर खोक्यात नव्हतं."